पत्र्यापलीकडची ओ

गॅरेजात सगळे तिला वहिनी म्हणायचे. तिच्या बापाच्या वयाचे ड्रायव्हर वहिनी म्हणायचे, काल कामाला लागलेला गाड्या धुणारा वहिनी म्हणायचा, आणि एरवी कुणाला सरळ हाक मारणं ज्याच्या जिवावर यायचं तो मालकही ‘वहिनींना पाठवा’ असंच म्हणायचा. नवरा तिथं ड्रायव्हर, दीर तिथं किल्ल्यांच्या काउंटरवर, म्हणून ती अख्ख्या गॅरेजची वहिनी. तुम्ही म्हणाल, काय ही आपुलकी! थांबा जरा. आपुलकीचा भाव वेळ आल्यावर कळतो.

गॅरेज भाड्यानं गाड्या देणारं. मागणी नसली की गाड्या आठवडा आठवडा उभ्या राहायच्या आणि त्यांच्या बॅटऱ्या मान टाकायच्या. त्यांना परत उभं करायचं काम वहिनीचं. मागच्या बाजूला एक खोली, खोलीत लाकडी फळी, फळीवर रांगेत बॅटऱ्या, आणि कोपऱ्यात चार्जर नावाचं एक लोखंडी धूड. त्याला दोन जाड वायरी, टोकांना दोन चिमटे. एक लाल, एक काळा.

हे काम ती एका म्हाताऱ्या बॅटरीवाल्याकडून शिकली होती. नवऱ्याचा डबा घेऊन यायची आणि डबा देऊन झाल्यावर म्हाताऱ्यापाशी उभी राहून बघायची. म्हाताऱ्याला एक भुवई नव्हती. तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, “दिली बॅटरीला. तिनं मागितली, मी नाही म्हणू शकलो नाही.” मग शिकवायला लागला. “बॅटरी म्हणजे पोटात गॅस धरलेला माणूस, पोरी. चार्ज होत आली की गॅस आणखी धरते. तिच्या तोंडाशी ठिणगी पडली की संपलं. म्हणून ठिणगी पडू द्यायची नाही. बाकी सगळी विद्या त्यातच आली.”

म्हातारा थकून घरी बसला तेव्हा ती खोली वहिनीकडं आली. एक बाई बॅटऱ्यांना हात लावणार म्हणून आधी ड्रायव्हर लोकांनी नाकं मुरडली. पण तिच्या हातची गाडी रस्त्यात कधी बंद पडेना, तेव्हा मुरडलेली नाकं आपोआप सरळ झाली. नियम ती तोंडपाठ म्हणायची, आणि म्हणायची ते असं: “लाल आधी येते, काळी मागून. निघताना मात्र काळी आधी उठते, लाल मागं राहते. काळी म्हणजे मानाची पाहुणी. उशिरा येणार, लवकर जाणार. आणि पाहुणी आत येईपर्यंत दिवा लावायचा नाही, उठायच्या आधी दिवा घालवायचा.” दिवा म्हणजे चार्जरचा स्विच. सगळं जोडून झाल्यावर चालू, काहीही काढायच्या आधी बंद. डोळ्यांवर गॉगल, खिडकी उघडी, फळीखाली पाण्याची बादली, दाराशी नळ. गॉगल गॅरेजात एकच होता आणि त्याचं इलॅस्टिक गेलं होतं. ती तो सुतळीनं बांधायची. ड्रायव्हर हसायचे, “वहिनी, विमान उडवायला निघालात?” ती म्हणायची, “उडालंच तर तुमच्याच अंगावर पाडीन.”

मग मालकाच्या डोक्यात गिऱ्हाइकांसाठी एसी खोली करायचं आलं. जागा कुठली काढणार? वहिनीच्या खोलीतनं. मधोमध पत्रा ठोकला. अर्ध्या खोलीत गादीच्या खुर्च्या आणि किल्ल्यांचा काउंटर, अर्ध्या खोलीत बॅटऱ्या. गारवा गिऱ्हाइकाला, गॅस वहिनीला. अशा वाटण्या करण्यात मालक लोकांचा हात कोण धरणार! आणि या वाटणीत एक गोष्ट नेमकी चुकीच्या बाजूला गेली. चार्जरच्या अंगावरचं बटण कधीच मोडलेलं होतं. त्याला चालू-बंद करणारा एकच स्विच होता, भिंतीवर, आणि तो गेला पत्र्याच्या पलीकडं, काउंटरमागं.

“मालक, स्विच इकडं घ्या,” ती म्हणाली.

“घेऊ की. इलेक्ट्रिशियन आला की घेऊ.”

इलेक्ट्रिशियन आला, एसी बसवून गेला. परत आला, गिऱ्हाइकांसाठी चहाचं मशीन जोडून गेला. स्विच होता तिथंच.

म्हणून वहिनीनं हाक काढली. काउंटरवर दीर बसायचा. त्याला ती भाऊजी म्हणायची. चार ठिकाणी लागून पाच ठिकाणाहून निघालेला, गोड बोलणारा, गळ्यात पडून काम टाळणारा. याला इथं चिकटवलं होतं तेही तिनंच, मालकाच्या मागं लागून. तिनं त्याला उभं केलं आणि सांगितलं, “भाऊजी, मला तिकडचं दिसत नाही. तुमचे डोळे ते माझे डोळे. मी विचारीन, बंद? तुम्ही स्विचकडं बघायचं, हात लावायचा, मग म्हणायचं, बंद. न बघता ओ द्यायची नाही. नाही बघितलं तर गप्प राहायचं. तुमचं गप्प राहणं मला चालेल.”

“अहो वहिनी, तुमच्या जिवाशी खेळेन का मी?” भाऊजी म्हणाले.

तेव्हापासून गॅरेजात दिवसभर ती हाक आणि ओ चालायची. “बंद?” “बंद!” “काढते!” “काढा!” मग थोड्या वेळानं, “लावलं, सोडा!” “सोडलं!” बाहेर गाड्या पुसता पुसता ड्रायव्हर नकला करायचे. एकजण नवऱ्याला म्हणायचा, “काय हो, घरी पण असंच चालतं का? वाढू? वाढा! उचलू? उचला!” नवरा नुसता हसायचा. तो मुळातच कमी बोलायचा, इतका कमी की गॅरेजात त्याला सायलेन्सर म्हणायचे. वहिनीला त्याचं ते गप्प राहणं आवडायचं. तिला वाटायचं, या माणसाच्या पोटात गोष्ट ठेवली की बँकेत ठेवल्यासारखी.

त्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाला घाई होती. गाडी तयार, फक्त बॅटरी चार्जवर. मालक दोनदा डोकावून गेला. “वहिनी, झालं का?” तिनं कान लावून ऐकलं. बॅटरी आतून खदखदत होती, म्हणजे पोट भरलं होतं, आणि गॅसही भरपूर धरला होता. तिनं खिडकी पूर्ण ढकलली. खिडकीबाहेर नवरा बादली घेऊन गाडीची काच धूत होता. तिनं गॉगलची सुतळी आवळली आणि हाक मारली.

“बंद?”

पत्र्यापलीकडं हसणं चाललं होतं. भाऊजी कुणा गिऱ्हाइकाला मोबाइलवर काहीतरी दाखवत होते. हसता हसताच ओ आली.

“बंद!”

“काढते!”

“काढा!”

तिनं काळा चिमटा उचलला.

बार झाला. ठिणगी तिला दिसलीसुद्धा नाही. बॅटरीचं झाकण छताला जाऊन आपटलं आणि हनुवटीखाली, मानेवर, डाव्या मनगटावर आधी गार वाटलं, मग आग. पण डोकं ठिकाणावर होतं. ती ओरडत बसली नाही. तशीच दारातल्या नळाखाली गेली, गॉगल न काढता डोकं खाली घातलं आणि साडीसकट भिजत राहिली. कुणीतरी म्हणालं, पुरे आता. ती म्हणाली, “पुरे मी सांगेन.” नवरा धावत आला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याचा हात थरथरत होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाण्यानं कातडी राखली, गॉगलनं डोळे राखले. ते ऐकून तिला बरं वाटलं होतं. नाव कशानं राखायचं असतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पट्ट्या असतानाच तिला गॅरेजात बोलावणं आलं. विम्याचा माणूस आला होता. त्याच एसी खोलीत सगळ्यांना उभं केलं होतं; ड्रायव्हर, धुणारे, नवरा, भाऊजी. गादीच्या खुर्चीवर मालक आणि तो माणूस. वहिनीला कुणी बस म्हटलं नाही, तेव्हा तीच एका खुर्चीवर बसली.

विम्याच्या माणसाचा प्रश्न साधा होता. स्विच पत्र्याआड का? मालकानं लगेच उत्तर दिलं, “त्यासाठी आमच्याकडं हाक मारायची पद्धत आहे. हाक मारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम आहे.” तिनं स्वतःच्या जिवासाठी काढलेली हाक आता मालकाचा नियम झाली होती. गोम कुठं आहे ते तिच्या तेव्हाच ध्यानात आलं. तिनं हाक मारली असेल, तर पत्रा दोषी, म्हणजे मालक दोषी. मारली नसेल, तर ती एकटी.

“मी हाक मारली,” ती म्हणाली. “यांनी ओ दिली. स्विच चालू होता.”

विम्याच्या माणसानं भाऊजींकडं बघितलं. भाऊजी किल्ल्यांच्या खिळ्यांकडं बघत होते.

“वहिनींनी हाक मारली नाही,” भाऊजी म्हणाले. “घाईत विसरल्या असतील. होतं माणसाकडून.”

‘होतं माणसाकडून’! वर माफीसुद्धा त्यानंच दिली.

“भाऊजी, माझ्याकडं बघून म्हणा.”

भाऊजींनी एक किल्ली सरळ केली.

मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. तिला काळजी नव्हती. उलट वाटलं, बरं झालं, आता मिटेल. “हे खिडकीशीच होते. यांना विचारा.”

सायलेन्सर उभा होता तिथं हलला. त्यानं हातातलं फडकं या हातातून त्या हातात घेतलं. भावाकडं बघितलं, मालकाकडं बघितलं, आणि म्हणाला, “मी गाडी धूत होतो. पाण्याचा आवाज होता. मला काही ऐकू आलं नाही.”

बादलीतलं पाणी. बादलीतल्या पाण्याला कसला आवाज? पण ती ते बोलली नाही. मानेवरच्या पट्टीखाली जळत होतं तेवढंच तिला कळत होतं.

घरी आल्यावर तिनं कपाटाला टेकून त्याला विचारलं. उजेड अजून होता, शेजारची मुलं बाहेर खेळत होती.

“तुम्ही ऐकलं होतं.”

त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला.

“बार झाल्यावर मी नळाखाली होते. मग स्विच कुणी बंद केला?”

तो म्हणाला, “मी.”

म्हणजे तो तिच्याकडं यायच्या आधी तिकडं गेला होता. चालू असलेला स्विच त्यानं डोळ्यांनी बघितला होता. शेजारी तोंडावर हात घेऊन उभा असलेला भाऊ बघितला होता. आणि तेच बघून येऊन त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. तो थरथरणारा हात तिनं माया समजून घेतला होता!

“तो लहान आहे,” तो म्हणाला. “आत्ता कुठं त्याचं बस्तान बसतंय. ही नोकरी गेली तर त्याला दारात कोण उभं करणार? तुझं काय, तुझ्या हातात काम आहे. तू कुठंही उभी राहशील. घरातली गोष्ट, घरात ठेवू.”

“घरातली? मी कुठली मग?”

त्यावर सायलेन्सर नेहमीसारखा झाला.

मालकानं तिला घरी बसायला सांगितलं. भाऊजी सुपरवायझर झाले, वेगळ्या रंगाचा शर्ट मिळाला. वहिनी घर सोडून गेली नाही. का जाईल? घर तिच्याही घामाचं होतं. स्वयंपाक करायची, ताट वाढायची. फक्त एक केलं. नवऱ्याला हाक मारणं सोडलं. वाढू का म्हणून विचारणं नाही, अहो म्हणणं नाही. ताट ठेवायची आणि निघून जायची. त्यानं पाणी मागितलं तर द्यायची. तिच्याकडून मात्र कधी शब्द सुटायचा नाही, कारण हाक मारली की ओची वाट बघावी लागते, आणि ते तिला परत जमणार नव्हतं.

म्हाताऱ्या बॅटरीवाल्यानं त्याचा जुना छोटा चार्जर तिला दिला. मोठ्या रस्त्याला एक पंक्चरवाली होती, टायरांच्या ढिगावर राणीसारखी बसणारी. तिनं आपल्या टपरीला लागून जागा दिली. “ये, बस. तू वीज भर, मी हवा भरते. दोघी मिळून लोकांना चालतं करू.” वहिनीनं वर ताडपत्री बांधली, चारही बाजू मोकळ्या ठेवल्या, आणि स्विच असा बसवला की बसल्या जागी हात पुरला पाहिजे. दुसऱ्या कुणाला त्या स्विचला हात लावू द्यायची नाही. पण जिभेची सवय जाता जात नाही. चिमटा काढायच्या आधी तोंडातून निघायचंच, “बंद?” मग ती स्विचकडं बघायची, बोट लावायची आणि स्वतःच म्हणायची, “बंद.”

पंक्चरवाली हसायची. “अगं, स्वतःलाच विचारतेस, स्वतःलाच सांगतेस?”

“इथं खोटं बोलणारं कुणी नाही ना,” ती म्हणायची.

गिऱ्हाईक लागलं. पण लागता लागता एक गोष्ट तिच्या कानावर यायची. कुणीतरी गाडी उभी करायचा आणि विचारायचा, “त्या गॅरेजात बॅटरी उडवली, त्या तुम्हीच का?” पोटापुरतं मिळत होतं, मान वर होत नव्हती. जिथं नाव गेलं तिथंच ते परत आलं पाहिजे, आणि ज्यांच्यासमोर गेलं त्यांच्यासमोर, एवढी एकच गाठ तिनं मनाशी बांधून ठेवली होती.

वर्ष उलटून गेलं, आणि एक दिवस वेगळ्या रंगाचा शर्ट टपरीसमोर उभा राहिला.

“वहिनी.”

तिनं मान वर केली नाही. पंक्चरवालीनं मात्र केली. “आले का साहेब! हवा भरायची का? तुम्हाला तर आधीच भरलेली दिसते.”

भाऊजींनी ते गिळलं. झालं होतं असं: गॅरेजात बॅटरीवर नवा माणूस घेतला होता, आधी भिंती रंगवायचा. त्याच्याही हातात ठिणगी पडली. नशीब म्हणून फक्त भुवया भाजल्या. विम्याचा माणूस परत आला आणि म्हणाला, जाणत्या माणसानं याला समोर शिकवल्याशिवाय खोली उघडायची नाही. गॅरेजातल्या निम्म्या गाड्या उभ्या होत्या.

“मालकांनी बोलावलंय. तुम्हीच शिकवा, वहिनी. तुमच्याइतकं कुणाला येतंय?”

“मी तर घाईत विसरणारी बाई,” ती म्हणाली.

भाऊजी पायाखालची माती बुटानं सारखी करत राहिले.

ती नाहीच म्हणणार होती. पण त्या रंगाऱ्याच्या भुवया तिच्या डोळ्यांपुढं आल्या. उद्या त्याचे डोळे जातील, आणि हेच लोक म्हणतील, होतं माणसाकडून. “येते,” ती म्हणाली. “दोन गोष्टी. शिकवताना कामावरचे सगळे समोर पाहिजेत, विम्याच्या माणसापुढं उभे होते तेवढे सगळे. आणि आधी तो पत्रा खाली येईल. पत्रा असेल तर मी आत पाय ठेवणार नाही.”

मालक कुरकुरला, आपल्या एसीची शोभा जाते म्हणाला. पण उभ्या गाड्या त्याला जास्त बोचत होत्या. त्यानं हो म्हटलं.

ती गेली तेव्हा स्क्रू काढायचं चाललं होतं. दोन ड्रायव्हर स्टुलावर चढले होते, बाकीचे खाली धरून. पत्रा करकरला, वाकला आणि आडवा झाला. पलीकडच्या गादीच्या खुर्च्या उघड्या पडल्या, काउंटर उघडा पडला, भिंतीवरचा तो स्विच उघडा पडला. आणि स्विचपाशी, पाठ भिंतीला लावून, भाऊजी. इतका काळ हाक मारली, पण ओ देणाऱ्याचा चेहरा तिनं तिथून पहिल्यांदाच बघितला.

रंगारी समोर उभा होता, भाजलेल्या भुवयांचा, घाबरलेला. वहिनीनं त्याला आधी आपला गॉगल दिला. मग खोलीच्या दाराशी आणून लावलेल्या एका गाडीचं बॉनेट उघडलं.

“आधी बघ. फुगलीय का, तडा गेलाय का, गळतेय का. तसं असेल तर हात लावायचा नाही, कुणी कितीही घाई करू दे.” इथं तिनं मालकाकडं बघितलं. “गाडीची किल्ली काढलेली पाहिजे, दिवे बंद पाहिजेत. आता स्विच बंद आहे का बघ. बघ म्हणजे डोळ्यांनी. मग लाल चिमटा, अधिकवर. ही खूण दिसते ना? काळा चिमटा बॅटरीवर नाही लावायचा, गाडीत असेल तेव्हा इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावायचा, बॅटरीपासून लांब, पेट्रोलच्या नळीपासूनही लांब. म्हणजे ठिणगी पडलीच तर गॅसपासून दूर पडेल. घट्ट बसला का हलवून बघ. मग स्विच. तोंड कधी बॅटरीवर न्यायचं नाही. आणि काढताना?”

“आधी स्विच,” रंगारी म्हणाला.

“शाबास. आणि स्विच लांब असला, दुसऱ्याच्या हातात असला, तर?”

रंगाऱ्यानं स्विचकडं बघितलं.

“तर विचारायचं. असं.” तिनं काळ्या चिमट्यावर हात ठेवला, मान वळवली आणि पूर्वीच्याच आवाजात, अख्ख्या गॅरेजाला ऐकू जाईल असं, म्हणाली, “बंद?”

भाऊजींचे ओठ उघडले आणि तसेच राहिले.

“विचारतेय मी, भाऊजी. बंद?”

“बघतो,” भाऊजी म्हणाले.

“बघा. कुणाला घाई नाही.”

ते वळले, स्विचकडं बघितलं, बोट लावलं, परत बघितलं. “बंद.”

“हे बघ,” वहिनी रंगाऱ्याला म्हणाली, “ओ अशी असते. बघून दिलेली.” आणि त्याच आवाजात, नजर न काढता, “त्या दिवशी असंच बघितलं होतंत का, भाऊजी?”

“नाही. त्या दिवशी नाही बघि...”

ते थांबले. पण शब्द सुटला होता. आता परत कसा घेणार? स्टुलावरचा ड्रायव्हर, तोच नकला करणारा, मोठ्यानं म्हणाला, “अरे, म्हणजे हाक मारली होती की वहिनींनी!”

“मी तसं म्हटलं नाही,” भाऊजी म्हणाले.

“मग काय बघितलं नाहीस? आकाश?”

मालकानं घसा खाकरला. “जाऊ दे, झालं ते झालं. वहिनी, उद्यापासून या कामावर.”

“उद्या माझ्याकडं गिऱ्हाईक आहे,” ती म्हणाली. “आणि स्विच इकडं आणा. इलेक्ट्रिशियनची वाट बघू नका, त्याला हाताला धरून आणा.”

सगळ्यांच्या माना आता एका बाजूला वळल्या होत्या. खिडकीबाहेर सायलेन्सर उभा होता, हातात फडकं. त्याच्यासमोरच्या गाडीची काच लख्ख होती. तो ती पुसत होता. वहिनी थांबली. तिनं स्वतःला बजावलं होतं की थांबायचं नाही, तरी थांबली. एक शब्द, एवढ्या लोकांत. आता तर भाऊही उघडा पडला होता, आता कुणाला वाचवायचं होतं? तो काच पुसत राहिला.

तिनं रंगाऱ्याकडून चिमटे दोनदा काढून घेतले, दोनदा लावून घेतले, आणि चालत टपरीवर आली.

संध्याकाळी एक बॅटरी चार्जवरून उतरवायची बाकी होती. पंक्चरवाली टायर आत ओढत होती. नवरा आला. इतक्या काळात तो पहिल्यांदाच इथं आला होता. ताडपत्रीच्या कडेला उभा राहिला, जसं कुणी परकं गिऱ्हाईक.

“झालं ना आता?” तो म्हणाला. “सगळ्यांना कळलं.”

ती ताडपत्रीची दोरी आवळत होती.

“मी ऐकलं होतं,” तो म्हणाला. “तुझी हाकही, त्याची ओही. दोन्ही ऐकलं होतं.”

“कुणाला सांगताय? मला?” ती म्हणाली. “मी तर तिथंच होते.”

तो खाली बसला. काहीतरी करावं म्हणून त्यानं इकडंतिकडं बघितलं. बॅटरीकडं बघितलं, चिमट्यांकडं बघितलं. मग हात लांबवून त्यानं स्विच दाबला आणि तिच्याकडं बघत, विचारल्याशिवायच, म्हणाला, “बंद.”

तिनं हाक मारली नव्हती, तरी ओ आली होती. वर्षभरापूर्वी आली असती तर तिनं आयुष्यभर जपली असती.

तिनं त्याचा हात बाजूला केला. वाकून स्विच बघितला, बोट लावलं. बंदच होता. मग तिनं काळा चिमटा काढला, मग लाल, आणि वायर गुंडाळून झाल्यावर बॅटरी एकटीनं उचलली.